चित्रकार पेस्तनजी बोमनजी

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या परिसरातील मुलांना वालधुनी नदीच्या काठी असलेले अंबरनाथाचे शिवालय परिचयाचे असते. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० असा काल सांगणारा शिलालेख या मंदिरात आहे. १८६८ मध्ये, उल्हासनगर वसलेही नव्हते अशा काळी, मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेतील एक तुकडी या मंदिरात आली. तिने भिंतींवरील शिल्पांची रेखाचित्रे काढली व नक्षीकामाचे साचे घेतले. जुन्या कारागिरांच्या कृती हुबेहूब उतरवून घ्याव्यात, त्यांची नोंद राहावी आणि उतरवता उतरवता विद्यार्थ्यांचा हातही तयार व्हावा, अशी त्या काळच्या कलाशिक्षणाची रीत होती.

त्या वर्षी कलाशाळेत पेस्तनजी बोमनजी नावाचा एक पारशी मुलगा शिकत होता. त्याचा जन्म १८५१ चा. म्हणजे तेव्हा तो अवघ्या सतरा वर्षांचा होता. त्याला प्रथम ओढ होती ती शिल्पकलेची. जॉन लॉकवुड किपलिंग हे शिल्पकार तेथे शिकवीत असत. परंतु पुढे चित्रकलेचे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली त्याने छिन्नी ठेवून कुंचला हाती घेतला. चारच वर्षांनी त्याच्या वाट्यास जे काम आले, त्याने त्याच्या जीवनाला निराळे वळण दिले.

ते काम होते अजिंठ्याचे. तेथील लेण्यांतील भित्तिचित्रे सुमारे दीड हजार वर्षांची आणि त्याहूनही जुनी. त्यांच्या प्रतिकृती काढण्याचा एक मोठा प्रयत्न पूर्वी झाला होता. रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याने १८४४ पासून कित्येक वर्षे खपून तेथील चित्रे रंगविली होती. पण लंडनमधील क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये लागलेल्या आगीत त्यांपैकी बहुतेक भस्मसात झाली. इकडे मूळ चित्रेही दिवसेंदिवस नष्ट होत होती. गिलावा ढासळत होता आणि रंग पुसट होत होते. म्हणून १८७२ मध्ये ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह अजिंठ्यास गेले. हे काम मधूनमधून खंड पडत १८८५ पर्यंत चालले. त्यात पेस्तनजींचा वाटा फार मोठा होता. पुढे त्या तुकडीची धुराही त्यांच्याकडे आली.

हे काम सोपे नव्हते. लेण्यांच्या आतील भागात सूर्यप्रकाश पुरेसा पोहोचत नाही. भिंतीवरील एखादी आकृती अर्धीच शिल्लक असे. जेथे गिलावा पडला असेल, तेथे आपल्या कल्पनेने हात किंवा मुख पुरे करण्याचा मोह होणे साहजिक होते. परंतु खरी प्रतिकृती म्हणजे जे आहे ते, आणि जेवढे आहे तेवढेच, दाखविणे. त्यासाठी नजर स्थिर आणि मन प्रामाणिक असावे लागते.

कलाशाळेत विद्यार्थी युरोपीय पद्धतीने छायाप्रकाश दाखवून वस्तूंना उठाव देण्यास शिकत असत. अजिंठ्यात त्यांना रेषेचे सामर्थ्य दिसले. एकाच वळणदार रेषेत खांद्याची गोलाई, मानेचा कल आणि चेहऱ्यावरील करुणा व्यक्त करणारे ते अनामिक चित्रकार जणू त्यांचे दुसरे गुरू झाले. या गुरूंनी शब्दाने काही सांगितले नाही. परंतु त्यांची रेषा आपल्या हाताने पुन्हा काढताना ती कोठे वळते, कोठे जाड होते आणि कोठे थांबते, हे शिष्याला कळू लागे.

पण नियतीने पुन्हा तसाच आघात केला. तयार झालेल्या प्रतिकृती लंडनला साउथ केन्सिंग्टन येथील संग्रहालयात पाठविण्यात येत. १८८५ मध्ये तेथे आग लागली आणि त्यांतील अनेक चित्रे जळून गेली. ज्यांनी तारुण्याची वर्षे त्या भिंतींसमोर घालविली, त्यांचे किती श्रम त्या दिवशी राख झाले असतील! तरी सर्वच गेले नाही. उरलेल्या प्रतिकृती आजही लंडनमध्ये जतन केलेल्या आहेत. ग्रिफिथ्स यांनी १८९६ पासून प्रसिद्ध केलेल्या दोन खंडांच्या ग्रंथामुळे अजिंठ्याची कीर्ती दूरवर पसरली.

या कार्याची एक उणीवही सांगितली पाहिजे. रंग स्पष्ट दिसावेत म्हणून त्या काळी मूळ चित्रांवर वॉर्निश, म्हणजे रोगण, लावण्यात आले. पुढे ते पिवळे व काळसर पडले आणि चित्रांना अपाय झाला. हेतू चांगला असला, तरी पुरेशा ज्ञानावाचून जुन्या वस्तूला हात लावणे घातक ठरते, हा धडा त्यातून मिळाला.

पेस्तनजींनी पुढे स्वतंत्र चित्रे काढली. त्यांत अजिंठ्याच्या आकृतींची नक्कल नव्हती. पारशी कुटुंबातील शांत जीवन, पोपटाला खाऊ घालणारी स्त्री असे घरगुती विषय त्यांनी तैलरंगांत रंगविले. त्यांतील मंद प्रकाश पाहून रसिकांना जुन्या डच चित्रकारांची आठवण होते. तरीही त्या चित्रांतील माणसे आपल्याच मुंबईची आहेत. १९३८ मध्ये हा चित्रकार निवर्तला.

त्यांनी काढलेल्या अनेक प्रतिकृती अग्नीने नेल्या. परंतु त्या काढताना डोळ्यांना लागलेली निरखून पाहण्याची सवय अग्नीला नेता आली नाही. पुढे कधी अंबरनाथच्या मंदिरात गेलात, तर वही-पेन्सिल बरोबर असू द्या. भिंतीला स्पर्श न करता समोर बसा आणि एकच शिल्प सावकाश कागदावर उतरवा. चित्र चांगले साधेल किंवा साधणार नाही. पण नऊशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका कारागिराने दगडात काय पाहिले होते, ते तुम्हाला थोडेतरी दिसू लागेल.