याकोब फुगर आणि त्याने वसविलेली गरिबांची वसाहत

विणकराचा नातू राजेमहाराजांचा सावकार झाला, हे चरित्र आमच्या ज्ञातिबांधवांच्या मुलांनी अवश्य वाचावे असे आम्हांस वाटते. जर्मनीतील आउग्सबुर्ग नगरीत हान्स फुगर हा विणकर १३६७ साली खेड्यातून आला. त्याचा नातू याकोब १४५९ साली जन्मला. घरच्यांनी त्यास धर्मोपदेशक करावयाचे योजिले होते. परंतु तो व्हेनिसला व्यापार शिकला आणि तिरोलची चांदी व हंगेरीचे तांबे यांवर त्याने अपार द्रव्य मिळविले. १५१९ साली पाचवा चार्ल्स सम्राट निवडला गेला, त्यासाठी खर्च झालेल्या सुमारे साडेआठ लक्ष गुल्डनांपैकी निम्म्याहून अधिक फुगरांच्या पेढीचे होते.

त्याचे सारेच व्यवहार निर्मळ होते असे आम्ही म्हणणार नाही. मक्तेदारीबद्दल त्याच्या हयातीतच त्याच्यावर कडक टीका झाली, आणि १५२५ च्या शेतकरी-उठावात त्याचा पैसा उठाव मोडणाऱ्यांच्या बाजूस होता.

तथापि त्याच हातांनी ‘फुगराय’ ही वसाहत उभी केली. दानपत्र १५२१ चे. १५२३ पर्यंत ५२ घरे झाली. बांधकाम थोमास क्रेप्स याने केले. घरे दुमजली व एकसारखी. मात्र वर व खाली राहणाऱ्या कुटुंबांस रस्त्यावर उघडणारे स्वतंत्र दार. मुंबईच्या चाळीत आयुष्य काढलेल्यांस या दाराचे मोल सांगावयास नको! अंधारात आपले घर हाताने ओळखता यावे म्हणून घंटेच्या कड्यांचे आकारही निरनिराळे. भाडे वर्षास एक गुल्डन, शिवाय दात्याच्या कुटुंबासाठी रोज तीन प्रार्थना. प्रवेश मात्र नगरीतील गरजू कॅथलिकांसच. ही अट कोणास संकुचित वाटेल, तर वाटो.

याकोब १५२५ साली निपुत्रिक वारला. पुढे पुतण्यांच्या वंशाने हा न्यास सांभाळला. फेब्रुवारी १९४४ च्या हवाई हल्ल्यात वसाहतीचा सुमारे दोनतृतीयांश भाग उद्ध्वस्त झाला. जागा विकून मोकळे होणे सोपे होते. पण कुटुंबाने पुन्हा उभारणीचा निर्णय तत्काळ घेतला. बाहेरचे रूप जुनेच ठेविले, आत वीज, नळ, न्हाणीघर व ऊब देणारी यंत्रणा आणिली, आणि वसाहत वाढवून ६७ घरांत १४० बिऱ्हाडांची सोय केली. खर्च मुख्यतः न्यासाच्या जंगलांच्या उत्पन्नातून चालतो. मूळ भाडे आजच्या चलनात वर्षास ८८ सेंट, तेवढेच घेतात. विजेसारखा खर्च तेवढा वेगळा. रात्री दहास वेशी बंद होतात, आणि उशिरा परतणारा रहिवासी पहारेकऱ्याच्या हाती चार नाणी ठेवून आत जातो.