घटक ४ : काशीबाई कानिटकर – प्रश्न आणि साहित्यप्रकार

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस
– काशीबाई कानिटकर यांचा जीवनक्रम आणि लेखनक्रम यांचा परस्परसंबंध सांगता येईल;
– लेखकाला प्रेरणा कोठून मिळते, या प्रश्नाचा विचार एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे करता येईल;
– निबंध, कादंबरी, चरित्र, कथा आणि कल्पित आदर्श राज्याची कादंबरी हे प्रकार त्यांनी कोणत्या गरजेपोटी हाताळले, हे स्पष्ट करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, भाईंदर पूर्व येथील रविवारच्या संपर्कसत्रात एक प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतेच. विचारणारी व्यक्ती कधी स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात सहा दिवस काम करणारी असते, कधी मुलांच्या परीक्षा आटोपल्यावर स्वतःची परीक्षा द्यायला निघालेली गृहिणी असते. प्रश्न असा असतो : मला लिहावेसे वाटते, पण कथा लिहू की कादंबरी, आणि विषय कोठून आणू? या प्रश्नाच्या मागे दुसरा एक प्रश्न दडलेला असतो, तो सहसा उच्चारला जात नाही. या वयात सुरुवात केली तर चालेल का?

प्रस्तुत घटकात आपण ज्या लेखिकेचे चरित्र पाहणार आहोत, तिच्या आयुष्यात या दोन्ही प्रश्नांचा विचार करण्यास भरपूर सामग्री आहे. काशीबाई कानिटकर कधी शाळेत गेल्या नाहीत. तरीही निबंध, कादंबरी, कथा, चरित्र आणि आत्मचरित्र असे अनेक प्रकार त्यांनी हाताळले. त्यांची चार पुस्तके तर त्यांनी वयाची साठी गाठल्यानंतर प्रसिद्ध झाली. हा क्रम कसा घडला, ते आता टप्प्याटप्प्याने पाहू.

४.३ अक्षरओळख ते पहिला निबंध

काशीबाईंचा जन्म २० जानेवारी १८६१ रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील आष्टे या गावी बापट घराण्यात झाला. याच वर्षी लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ त्याआधी चार वर्षे, म्हणजे १८५७ मध्ये, आली होती. म्हणजे मराठी कादंबरी आणि काशीबाई जवळजवळ समवयस्क होत. पुढे ज्या साहित्यप्रकारात त्यांना लिहायचे होते, तोच अजून बाल्यावस्थेत होता, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह गोविंद वासुदेव कानिटकर यांच्याशी झाला. गोविंदराव पुढे न्यायखात्यात अधिकारी झाले. ते कवी आणि भाषांतरकार होते. जॉन स्टुअर्ट मिल यांच्या स्त्रियांच्या पराधीनतेवरील ग्रंथाचे मराठी भाषांतर त्यांनी ‘स्त्रियांची परवशता’ या नावाने केले. पत्नी सुशिक्षित असावी, अशी त्यांची इच्छा होती. घरातील वडीलधाऱ्यांना मात्र सुनेने पुस्तक हाती धरणे रुचणारे नव्हते. एकत्र कुटुंबात घरकामाचा ढीग आणि सर्वांची नजर यांतून वाट काढत काशीबाई वाचायला शिकल्या. पुढे त्यांनी इंग्रजीचाही अभ्यास केला.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. शिकण्याची सुरुवात पतीच्या इच्छेने झाली. परंतु वाचलेल्या मजकुराला आपले काही उत्तर द्यावे, असे वाटणे ही त्यांची स्वतःची गोष्ट होती. त्या काळी स्त्रियांविषयी पुष्कळ लिहिले जात असे; लिहिणारे बहुतेक पुरुष असत. या लेखनात स्त्री ही विषय होती, वक्ती नव्हती. काशीबाईंचा ‘पूर्वीच्या स्त्रिया व हल्लीच्या स्त्रिया’ हा निबंध १८८१ मध्ये ‘सुबोधपत्रिके’त प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या. पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक निघाले. दोघींच्या लेखनाची धाटणी अगदी निराळी आहे. पण दोघींनी पहिले पाऊल टाकले ते युक्तिवादाच्या प्रकारात. ज्याचे म्हणणे आजवर कोणी ऐकलेले नाही, त्याला प्रथम आपली बाजू मांडावीशी वाटते, आणि त्यासाठी निबंध हा सर्वांत सरळ मार्ग असतो.

४.४ निबंधाकडून कादंबरीकडे : ‘रंगराव’

निबंधाने बाजू मांडता येते. परंतु घर दाखवता येत नाही. सासू सुनेशी कोणत्या स्वरात बोलते, शिकलेला मुलगा आईपुढे गप्प का बसतो, विधवा मुलगी घरात आली की माजघरातले बोलणे कसे बदलते, या गोष्टी विधानांत मावत नाहीत. त्यांना प्रसंग लागतो, संवाद लागतो, माणसे लागतात. काशीबाई कादंबरीकडे वळल्या त्यामागे ही गरज होती, असे त्यांच्या लेखनक्रमावरून दिसते.

त्यांची ‘रंगराव’ ही कादंबरी १८८६ पासून ‘मनोरंजन आणि निबंधचंद्रिका’ या मासिकातून क्रमशः येऊ लागली. गोविंदराव आणि हरि नारायण आपटे या दोघांचाही या मासिकाशी निकटचा संबंध होता. पुस्तकरूपाने मात्र ‘रंगराव’ वाचकांच्या हाती पडली ती १९०३ मध्ये. पहिले प्रकरण छापून आले तेव्हा लेखिका पंचविशीत होती. ग्रंथ हाती आला तेव्हा तिने चाळिशी ओलांडली होती. मधल्या काळात संसार होता, बदलीची नोकरी असलेल्या पतीबरोबरचे वास्तव्य होते. कादंबरी थांबली म्हणजे संपली असे काशीबाईंनी मानले नाही.

कादंबरीचे मूल्यमापन करताना तिच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. क्रमशः प्रकाशनामुळे रचनेत सैलपणा आला आहे. सद्गुणी पात्रे फार सद्गुणी आहेत आणि बोधाचा हेतू लपत नाही. परंतु हळबे यांच्या ‘मुक्तामाला’पासून पुढे अद्भुत घटनांनी भरलेल्या ज्या कादंबऱ्या लोकप्रिय झाल्या होत्या, त्यांच्याशी तुलना केली की फरक जाणवतो. काशीबाईंचे लक्ष राजवाड्यांवर आणि संकटांच्या मालिकांवर खिळलेले नाही. ते मध्यमवर्गीय घराच्या ओटीवर आणि माजघरात आहे.

त्यांना मराठीतील पहिली स्त्री-कादंबरीकार म्हणण्याचा प्रघात आहे. साळूबाई तांबवेकर यांची ‘चंद्रप्रभाविरहवर्णन’ ही रचना १८७३ मधील आहे, हे लक्षात घेता पहिलेपणाचा मान हा वादाचा विषय ठरतो. अभ्यासकाने या वादात फार अडकू नये. पुढच्या पिढीला चालता येईल अशी वाट कोणी पाडली, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

४.५ हरिभाऊंचा स्नेह

प्रेरणा ही एकट्याने बसून मिळवण्याची वस्तू नाही, याचे उदाहरण म्हणून काशीबाई आणि हरिभाऊ आपटे यांच्या स्नेहाकडे पाहता येते. हरिभाऊ काशीबाईंपेक्षा तीन वर्षांनी लहान. त्यांची ‘मधली स्थिती’ १८८५ मध्ये प्रसिद्ध होऊ लागली, आणि १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले. लेखन, वाचन आणि घरगुती सुखदुःखे यांविषयी दोघांत दीर्घकाळ पत्रव्यवहार झाला.

हा संबंध गुरू आणि शिष्या असा एकेरी नव्हता. ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही हरिभाऊंची कादंबरी ‘करमणुकी’तून १८९० पासून प्रसिद्ध झाली. तिची निवेदक यमू ही स्त्री आहे, आणि स्त्रीचे अंतरंग इतक्या जवळून कथन करणारा लेखक पुरुष आहे. ज्या काळात तो हे लिहीत होता, त्याच काळात लिहित्या स्त्रीशी त्याचा मनमोकळा संवाद चालू होता, ही गोष्ट या कादंबरीच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये. काशीबाईंनाही या संवादातून चोखंदळ वाचक लाभला. त्या काळात स्त्री-पुरुषांच्या निखळ वाङ्मयीन मैत्रीला समाजात नाव नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे तिचे मोल कळते.

४.६ चरित्र आणि कथा

२६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी यांचे निधन झाले. त्या अवघ्या एकवीस वर्षांच्या होत्या. आपल्यापासून फार दूर नसलेल्या कल्याणात जन्मलेली ही मुलगी एकटी अमेरिकेस गेली आणि १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन परतली. परंतु मायदेशी वैद्यकी करण्यापूर्वीच क्षयाने तिचा अंत झाला. पुढील दोन-तीन वर्षांतच काशीबाईंनी तिचे चरित्र लिहिले.

कल्पित कथा लिहिणारी लेखिका चरित्राकडे का वळली? ‘रंगराव’मध्ये त्या आदर्श माणसे कल्पनेने उभी करीत होत्या. येथे कल्पनेने सुचणार नाही असे आयुष्य प्रत्यक्ष समोर होते, आणि ते लवकर लिहिले नाही तर केवळ स्तुतीच्या धुक्यात विरून जाईल, असा धोका होता. काशीबाईंनी पत्रांचा आधार घेतला. त्यांनी आनंदीबाईंची देवी केली नाही. गोपाळरावांनी पत्नीला शिकवले, तसेच तिला कठोरपणे वागवले. या दोन्ही गोष्टी त्यांनी नोंदवल्या. शिकवणाऱ्या पतीचे ऋण आणि त्याचा जाच एकाच घरात नांदू शकतात, हे लिहिण्यासाठी त्या काळी धैर्य लागत होते. स्वतः पतीच्या इच्छेने अक्षरे गिरवलेल्या स्त्रीने ते लिहावे, यात विशेष अर्थ आहे. १९१२ मध्ये या चरित्राची दुसरी आवृत्ती निघाली.

याच सुमारास, १८८९ मध्ये, ‘शेवट तर गोड झाला’ हे त्यांचे कथेचे पुस्तक आले. या शीर्षकाकडे भाषेच्या दृष्टीने पाहा. ‘शेवट गोड झाला’ हे केवळ विधान होईल. त्यात ‘तर’ हा निपात आला की आधी पुष्कळ कडू होऊन गेले आहे, याची सूचना मिळते आणि बोलणाऱ्या बाईचा सुस्कारा ऐकू येतो. काशीबाईंच्या कथेचे बळ अशा बोलीच्या लकबीत आहे. पुढील दोन संग्रहांची नावेही तेच सांगतात : ‘चांदण्यातील गप्पा’ (१९२१) आणि ‘शिळोप्याच्या गोष्टी’ (१९२३). शिळोपा म्हणजे कामे उरकल्यावरची मोकळी वेळ. घरातल्या बायकांना गोष्ट सांगायला आणि ऐकायला जी वेळ सापडत असे, तीच काशीबाईंनी आपल्या पुस्तकाच्या नावात ठेवली.

४.७ उतारवयातील प्रयोग : ‘पालखीचा गोंडा’

१९१८ मध्ये गोविंदराव वारले. १९१९ मध्ये हरिभाऊ गेले. पहिला वाचक आणि पहिला समीक्षक असे दोघेही वर्षभराच्या आत नाहीसे झाले. येथे लेखन थांबले असते तर नवल नव्हते. प्रत्यक्षात वर उल्लेखिलेले दोन कथासंग्रह यानंतर आले, आणि १९२८ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, ‘पालखीचा गोंडा’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली.

या कादंबरीत एका संस्थानाचे चित्र आहे. राज्य करण्यास असमर्थ असलेल्या राजाशी वैभवाच्या मोहापायी एका मुलीचे लग्न लावले जाते. ती रडत बसत नाही; शिकते, कारभार हाती घेते आणि स्त्रियांना शिक्षण व अधिकार देणारे राज्य उभारते. पालखीला लटकणारा गोंडा दिसतो सुंदर. पण पालखी कोठे न्यायची हे तो ठरवीत नाही. ज्या वधूला गोंड्यासारखे शोभेसाठी आणले, तीच पालखीची दिशा ठरवू लागते, असा या शीर्षकाचा अर्थ मला वाटतो.

अशा कल्पित राज्याची कल्पना जगात अन्यत्रही स्त्रियांना सुचली होती. बंगालमधील रुकैया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही कथा १९०५ मधील, तर अमेरिकेतील शार्लट पर्किन्स गिलमन यांची ‘हरलँड’ ही कादंबरी १९१५ मधील आहे. काशीबाईंनी या प्रकाराला संस्थानी महाराष्ट्राचे वळण दिले. आजवर त्यांनी घर जसे आहे तसे दाखवले होते. आता ते कसे असू शकेल, हे दाखवायचे होते. जे अस्तित्वातच नाही, त्याचे वर्णन करायला वास्तववादी कादंबरी अपुरी पडते. म्हणून साहित्यप्रकार बदलला.

१९२९ मध्ये त्यांनी हरिभाऊंची पत्रे प्रसिद्ध केली. त्यांचे स्वतःचे आत्मचरित्रपर लेखन मात्र त्यांच्या हयातीत ग्रंथरूपाने आले नाही. पुढे सरोजिनी वैद्य यांनी ते चरित्रासह संपादित केले. ३० जानेवारी १९४८ रोजी, गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, काशीबाईंचे निधन झाले. त्या सत्याऐंशी वर्षांच्या होत्या.

४.८ समारोप

काशीबाईंनी नावीन्याच्या हौसेने साहित्यप्रकार बदलले नाहीत. बाजू मांडायची होती तेव्हा निबंध, घर दाखवायचे होते तेव्हा कादंबरी, खरे आयुष्य विस्मृतीतून वाचवायचे होते तेव्हा चरित्र, शिळोप्याच्या वेळेत मावेल असे काही सांगायचे होते तेव्हा कथा, आणि नसलेले जग पाहायचे होते तेव्हा कल्पित राज्य. प्रश्न बदलला की प्रकार बदलला. म्हणून कथा लिहू की कादंबरी, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याने आधी स्वतःला विचारावे, की मला नेमके काय सांगायचे आहे आणि ते कोणत्या आकारात मावेल.

राहिला वयाचा प्रश्न. काशीबाईंच्या पुस्तकांची प्रकाशनवर्षे आणि त्यांचे जन्मवर्ष शेजारी शेजारी लिहून पाहावे. उत्तर आपोआप मिळेल.

४.९ स्वाध्याय

१. ‘रंगराव’ ते ‘पालखीचा गोंडा’ या प्रवासात काशीबाईंच्या लेखनाचा हेतू कसा बदलला, ते सोदाहरण लिहा.
२. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रलेखनामागील प्रेरणा स्पष्ट करा.
३. आपल्या घरातील किंवा कामाच्या ठिकाणचा एकच प्रसंग प्रथम निबंधाच्या आणि नंतर कथेच्या रूपात प्रत्येकी दोनशे शब्दांत लिहा. कोणत्या रूपात काय निसटले, याची नोंद करा.