लेकीपुढे हरलेली अहिल्याबाई

मैत्रिणींनो, 31 मे जवळ आला की आपल्या शिरूर कासारच्या परिसरातूनही माणसं चौंडीला निघतात. चौंडी जामखेड तालुक्यातलं, म्हणजे आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातलं गाव. त्या जिल्ह्याचं नावही आता अहिल्यानगर झालंय. 2025 साली तीनशेवी जयंती होती, तेव्हा राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठकसुद्धा चौंडीत भरली. हार झाले, भाषणं झाली. हातात शिवलिंग घेतलेली, पांढऱ्या लुगड्यातली ती शांत बाई आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. भाषणांत देवळांची यादी असते, घाटांची यादी असते. त्यांची लेक मुक्ताबाई मात्र एका वाक्यात उरकली जाते. मला आज त्या एका वाक्यापाशी थांबायचंय.

बी.ए.ला असताना ग्रीक नाटकांची थोडी ओळख झाली होती. सोफोक्लिसची अँटिगनी बहुतेकींनी ऐकलेली असेल. राजाची बंदी मोडून भावाच्या प्रेतावर माती टाकणारी ती पोर. पण मला जास्त लक्षात राहिली युरिपिडीसच्या एका नाटकातली इव्हॅडनी. हे नाटक इसवी सनापूर्वी 423 च्या आसपासचं. लढाईत मारल्या गेलेल्या सात सरदारांच्या आया मुलांची प्रेतं तरी मिळावीत म्हणून पदर पसरतात, असा त्याचा विषय. त्या सातांतल्या एकाची बायको इव्हॅडनी. नवऱ्याची चिता पेटली तशी ती सणासुदीचे कपडे घालून वरच्या कड्यावर चढली. म्हातारा बाप तिला शोधत आला. त्याचा मुलगाही त्याच लढाईत गेलेला. बापानं विनवण्या केल्या, पण तिनं त्याच्या डोळ्यांदेखत चितेत उडी घेतली. सती म्हणजे फक्त आपल्याकडचं, असं मी तोवर समजत होते. मग अहिल्याबाईंचं चरित्र पुन्हा हातात घेतलं, तर तो कड्याखाली उभा असलेला बाप मला महेश्वरच्या घाटावर दिसायला लागला.

अहिल्या जन्मली 1725 साली, चौंडीच्या माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी. मुलीच्या हाती पाटी देणं त्या काळी कुणाच्या मनातही येत नसे, पण माणकोजींनी लेकीला लिहा-वाचायला शिकवलं. मल्हारराव होळकरांचा मुक्काम चौंडीला पडला असताना त्यांनी देवळात ही पोर पाहिली आणि सून करून घेतली, असं सांगतात. 1733 मध्ये, आठव्या वर्षी, लग्न झालं. नवरा खंडेराव. 1745 मध्ये मालेराव झाला, 1748 मध्ये मुक्ता.

1754 साली मराठी फौजांनी जाटांच्या कुंभेर किल्ल्याला वेढा घातला होता. तिथे तोफेचा गोळा लागून खंडेराव गेले. अहिल्याबाई तेव्हा अवघ्या एकोणतिशीच्या आत. त्यांनीही सती जायची तयारी केली. मल्हाररावांनी त्यांना अडवलं. एकुलता एक मुलगा गमावलेल्या त्या रांगड्या सुभेदारानं सुनेपुढे अक्षरशः पदर पसरला. म्हातारपणी आपल्याला कुणाचा आधार, हाच त्यांचा मुद्दा होता. अहिल्याबाई थांबल्या.

नुसतं अडवून मल्हारराव गप्प बसले नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी सुनेच्या हातात काम दिलं. हिशेब, वसुली, पत्रव्यवहार, फौजेची रसद, सगळं तिच्याकडे येत गेलं. 1765 मधल्या त्यांच्या पत्रांत तर तोफखाना ग्वाल्हेरकडे हलवण्याच्या सूचना आहेत, आणि त्या सुनेला आहेत! आमच्या बचत गटात एक तरुण बाई आहे. नवरा अपघातात गेला तेव्हा तिच्या सासऱ्यांनी तिला माहेरी पाठवलं नाही, पिठाची गिरणी चालवायला दिली. आज ती गिरणीचं वीजबिल, पट्टा, जातं सगळं बघते. मल्हाररावांचं नाव निघालं की मला तिचे धोतरवाले सासरे आठवतात. असे सासरे कमीच.

1766 च्या मे महिन्यात मल्हारराव गेले. सुभेदारी मालेरावाकडे आली, पण त्याची प्रकृती आणि मन दोन्ही ठीक नव्हतं. 1767 मध्ये तोही गेला. मालेरावाबद्दल अंगावर काटा आणणाऱ्या पुष्कळ गोष्टी सांगतात, त्यांत मी शिरत नाही. एका आईचा मुलगा गेला, एवढं खरं.

आता घरात कर्ता पुरुष नाही म्हटल्यावर दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड पुढे सरसावले. बाईंनी एखादं मूल दत्तक घ्यावं आणि कारभार आपल्याकडे सोडावा, असा त्यांचा डाव होता. त्यांनी राघोबादादांना बोलावलं, आणि दादा फौज घेऊन क्षिप्रेच्या काठापर्यंत आले. बाईंनी तिकडे महादजी शिंदे वगैरे सरदारांना पत्रं लिहिली, इकडे लढायची तयारी केली. आणि दादांना निरोप पाठवला की बाईमाणसाशी लढून जिंकलात तर कौतुक होणार नाही, हरलात तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. दादा मग आपण दुःखाला भेटायला आलो होतो म्हणत नरमले. पुण्याहून माधवराव पेशव्यांनीही बाईंचाच कारभार मान्य केला. फौज तुकोजी होळकरांकडे दिली, राजधानी नर्मदाकाठी महेश्वरला नेली, आणि पुढची 28 वर्षं बाईंनी राज्य चालवलं.

या काळाबद्दल बरंच छापून आलंय, म्हणून भरभर जाते. काशी विश्वनाथाचं 1780 चं मंदिर, गयेचं विष्णुपद, सोमनाथ, वेरूळचा घृष्णेश्वर, आपल्या बीड जिल्ह्यातलं परळी वैजनाथ. महेश्वरी लुगडी विणणारे विणकर बाहेरून आणून वसवले तेही त्यांनीच. पहाटे उठून पूजा, दानधर्म, दुपारी उघडा दरबार, पडदा नाही, रात्री पुन्हा कागदपत्रं.

पण विधवांच्या बाबतीत त्यांनी केलं ते सावकाश सांगायला हवं. सिरोंजचा एक श्रीमंत सावकार मूलबाळ नसताना वारला. तिथल्या अधिकाऱ्यानं त्याच्या विधवेला दम भरला, तीन लाख नजराणा दे, तरच दत्तकाला मान्यता, नाहीतर सगळं सरकारजमा. ती बाई थेट महेश्वरला आली. अहिल्याबाईंनी एक पैसाही न घेता दत्तक मंजूर केला, त्या मुलाला मांडीवर घेतलं, कपडे-दागिने देऊन पाठवणी केली आणि अधिकाऱ्याला काढून टाकलं. इंदूरला देवीचंद नावाचा सावकार वारला तेव्हा तर खुद्द तुकोजींनाच त्याच्या संपत्तीवर हात टाकायचा होता. बाईंनी त्यांना फौजेसकट शहराबाहेर जायला सांगितलं. आजही नवरा गेल्यावर सातबाऱ्यावर नाव लावून घ्यायला आपल्या बायका किती चकरा मारतात ते मी रोज पाहते. दीर सही देत नाही, कागद अपुरा निघतो, साहेब जागेवर नसतात.

अशा बाईच्या घरात 1791 साल उजाडलं.

मुक्ताबाईंचं लग्न यशवंतराव फणशांशी झालं होतं. लुटारूंचा बंदोबस्त करील त्याला मुलगी देईन, असं बाईंनी जाहीर केलं आणि फणशांनी ते करून दाखवलं, अशी हकीकत आहे. जात, संपत्ती बाजूला ठेवून कर्तबगारीला मुलगी दिली. त्यांचा एकुलता एक मुलगा नथ्याबा आजीचा फार लाडका. तो ऐन तारुण्यात गेला, आणि वर्षभरात, 1791 च्या शेवटी, यशवंतरावही गेले. मुक्ताबाई चाळिशी ओलांडलेल्या. त्यांनी सती जायचं ठरवलं.

पुढचं सगळं माल्कम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं माळव्यातल्या लोकांकडून ऐकून लिहून ठेवलंय, त्याचं पुस्तक 1823 मधलं. अहिल्याबाईंनी लेकीला आई म्हणून विनवलं. तिच्या पायाशी जमिनीवर पडल्या. मला एकटीला टाकून जाऊ नकोस म्हणाल्या. म्हणजे 37 वर्षांपूर्वी मल्हाररावांनी त्यांना जे सांगितलं, तेच. मल्हाररावांचं त्यांनी ऐकलं होतं, पण मुक्तानं त्यांचं ऐकलं नाही.

मुक्ताचं म्हणणं मला खूप दिवस टोचत राहिलं. आई, तू म्हातारी झालीस, थोड्या वर्षांत जाशील. मुलगा नाही, नवरा नाही, मग तुझ्या मागे माझं जगणं कसं होईल? तेव्हा मानानं मरायची संधीही गेलेली असेल. असा तिचा हिशेब होता. यात भक्ती कमी आणि पुढच्या दिवसांची भीती जास्त दिसते. राज्यकर्त्या बाईची लेक, तरी भीती तीच.

मग राणी म्हणून हुकूम का नाही केला, असा प्रश्न आपल्याला पडतोच. इंग्रजांनी आपल्या मुलखात सतीबंदी केली ती 1829 साली. 1791 मध्ये सती म्हणजे पुण्य. आणि ज्या बाईला लोक साक्षात पुण्यवती मानत होते तिनंच ते अडवायचं, हे तिला पेललं नसावं. आणखी एक मनात येतं. मल्हाररावांनी सुनेला काम दिलं, तसं मुक्ताच्या हातात कुणी काही दिलं होतं का? मला चरित्रांत ते सापडलं नाही.

बाई अंत्ययात्रेबरोबर चालत गेल्या. चितेजवळ दोघा ब्राह्मणांनी त्यांचे दंड धरून ठेवले होते. पहिला जाळ उठेपर्यंत त्या कशाबशा उभ्या होत्या. मग किंकाळ्या फोडल्या, सुटायची धडपड केली, स्वतःचेच हात चावले. सगळं शांत झाल्यावर नर्मदेत स्नान केलं. वाड्यात परतल्यावर तीन दिवस जवळजवळ अन्न घेतलं नाही, एक शब्द बोलल्या नाहीत. मग लेक-जावयाचं स्मारक बांधायला काढलं. आणि पुन्हा दरबारात बसल्या.

त्यानंतर चार वर्षं त्या जगल्या. 13 ऑगस्ट 1795 ला, श्रावणात, महेश्वरलाच गेल्या. वय 70.

गटातल्या बायकांबरोबर मी एकदा महेश्वरला गेले होते. वाटाड्यानं राजवाडा दाखवला, बाईंची गादी दाखवली, घाटावर आणलं. आमच्या गिरणीवालीनं त्याला विचारलं, मुक्ताबाईंची चिता नेमकी कुठे होती? त्याला काही सांगता आलं नाही. तो आम्हाला लुगड्यांच्या दुकानाकडे घेऊन निघाला. गिरणीवाली मात्र बराच वेळ पायरीवर पाण्यात पाय सोडून बसून राहिली, आणि आमची गाडी सुटायला उशीर झाला.