काळ्या पडद्यामागची बाई

इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या पंपरूममध्ये दोन मैत्रिणी गप्पा मारीत आहेत. कॅथरीन सतरा वर्षांची, इझाबेला तिच्याहून चार वर्षांनी मोठी. कॅथरीन हाती घेतलेल्या कादंबरीत काळ्या पडद्यापर्यंत पोचली आहे. त्यामागे काय दडले आहे, ते इझाबेला सांगत नाही. उलट, पुढे वाचायच्या भयकथांची यादीच तिच्यासमोर ठेवते. त्यांतली सात नावे वाचकालाही कळतात. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’तला हा प्रसंग. ही सात नावे कल्पित असावीत, असा पुढे अनेकांचा समज झाला. पण विसाव्या शतकात अभ्यासकांनी ती सातही पुस्तके शोधून काढली.

कॅथरीनच्या हातातली कादंबरी होती ‘मिस्टरीज ऑफ उडोल्फो’ आणि तिची लेखिका ॲन रॅडक्लिफ.

ॲनचा जन्म १७६४ साली लंडनमध्ये एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. पुढे वडील बाथला चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान सांभाळू लागले. तेविसाव्या वर्षाच्या सुमारास विल्यम रॅडक्लिफ या पत्रकाराशी तिचे लग्न झाले. मूलबाळ नव्हते. वृत्तपत्राच्या कामामुळे नवऱ्याला घरी यायला उशीर होई. त्याची वाट पाहत शेकोटीपाशी बसून बाई लिहू लागल्या.

१७८९ साली पहिली कादंबरी आली, तीही निनावी. १७९४ सालच्या ‘उडोल्फो’साठी प्रकाशकाने ५०० पौंड मोजले. कादंबरीला एवढी रक्कम म्हणजे त्या काळी नवलच! पडके किल्ले, भुयारे, मध्यरात्रीची पावले, दुष्ट सरदाराच्या तावडीत सापडलेली अनाथ मुलगी आणि दूर कुठेतरी तिची वाट पाहणारा प्रियकर, असा सारा मसाला त्यांत होता. चार खंडांची ही कादंबरी विकत घेणे सर्वांना परवडणारे नव्हते. वर्गणीच्या वाचनालयांतून ती हातोहाती फिरली.

गंमत म्हणजे इटलीतले डोंगर रंगवणाऱ्या बाईंनी इटली कधी पाहिलीच नव्हती. आणि त्यांची भुतेही खरी नसत. शेवटी प्रत्येक गूढाचा उलगडा होई. त्या काळ्या पडद्यामागे निघाली ती मेणाची आकृती!

१७९७ साली ‘द इटालियन’ प्रसिद्ध झाली आणि बाईंनी प्रकाशन थांबवले. वय अवघे तेहेतीस. कारण त्यांनी जाहीर केले नाही. मग लोकांनीच कथा रचली. बाई वारल्या, कुणी म्हणाले. आपल्याच भुतांना भिऊन त्यांना वेड लागले, दुसऱ्याने भर घातली. ज्या तोंडांनी पुस्तकांची शिफारस केली, त्याच तोंडांनी ही वार्ताही पसरवली. प्रत्यक्षात बाई नवऱ्याबरोबर इंग्लंडभर सहली करीत होत्या, रोजनिशी लिहीत होत्या. अफवांना त्यांनी उत्तर दिले नाही. १८२३ साली दम्याने जर्जर होऊन त्या गेल्या, तेव्हा त्यांची बुद्धी शाबूत होती हे नवऱ्याला डॉक्टरांच्या साक्षीने सांगावे लागले.

पुढे १८८३ च्या सुमारास कवयित्री क्रिस्टिना रोझेटीने त्यांचे चरित्र लिहायला घेतले, पण पुरेशी सामग्रीच मिळेना, म्हणून तो बेत सोडला. कादंबऱ्यांतले प्रत्येक गूढ प्रामाणिकपणे उलगडणाऱ्या बाईंनी स्वतःवरचा पडदा मात्र उचलू दिला नाही. एखादे पुस्तक मैत्रिणीच्या हाती देताना आपण कथेबद्दल भरभरून बोलतो. लिहिणारीबद्दल बोलताना मात्र जीभ थोडी आवरावी, एवढे या बाईंचे आपल्यावर ऋण आहे.