काय सोडायचे, की किती वेळा खायचे? डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला वजनाचा साधा हिशेब

केम (ता. करमाळा) : वजन कमी करायचे ठरले की घरात पहिला प्रश्न निघतो, आता काय सोडायचे? कुणी भात सोडतो, कुणी बटाटा, कुणी तूप, तर कुणी रात्रीचे जेवणच बंद करतो. पंधरा दिवसांत सगळे पुन्हा सुरू होते. महाराष्ट्रात या प्रश्नाला एक वेगळे उत्तर दिले गेले. पदार्थांच्या यादीपेक्षा खाण्याच्या वेळा मोजा आणि मधले खाणे सोडा, असे ते उत्तर होते. आज बहुतेक लोक त्याला दीक्षित डाएट म्हणून ओळखतात. मात्र त्यामागची मूळ मांडणी नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकार यांची. त्यांना जाऊन दोन दशके उलटली. ते कोण होते, त्यांनी नेमके काय सांगितले आणि त्यातले किती आजही टिकते, हे समजून घेऊ.

कोण होते डॉ. जिचकार?

श्रीकांत जिचकार यांचा जन्म १९५४ मध्ये नागपूर जिल्ह्यातील काटोल तालुक्यात, शेतकरी कुटुंबात झाला. नागपुरात त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले, एमबीबीएस आणि पुढे एमडी झाले. बहुतेक जण इथे थांबतात. ते थांबले नाहीत. कायद्याची पदवी आणि पदव्युत्तर पदवी, व्यवस्थापन, पत्रकारिता, शिवाय इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान, मानसशास्त्र अशा अनेक विषयांत एमए, असा त्यांचा अभ्यास वर्षानुवर्षे चालू राहिला. संस्कृतमध्ये त्यांनी डी.लिट. मिळवली. देशातील सर्वाधिक शिकलेली व्यक्ती म्हणून २० पदव्यांसह त्यांचे नाव आजही घेतले जाते.

१९७८ मध्ये त्यांची भारतीय पोलीस सेवेत निवड झाली. ती नोकरी त्यांनी सोडली. पुन्हा परीक्षा देऊन ते १९८० मध्ये आयएएस झाले. काही महिन्यांतच तेही पद सोडले आणि निवडणुकीला उभे राहिले. त्याच वर्षी काटोलमधून काँग्रेसचे आमदार झाले, तेव्हा त्यांनी पंचविशी नुकती गाठली होती. पुढे ते विधान परिषदेत गेले, राज्यमंत्री झाले आणि १९९२ ते १९९८ या काळात राज्यसभेत होते. मंत्री असताना त्यांच्याकडे एकाच वेळी १४ खाती होती. नागपुरात त्यांनी सांदीपनी शाळा सुरू केली. रामटेकला १९९७ मध्ये उभ्या राहिलेल्या कवी कुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठाच्या स्थापनेत त्यांचा मोठा वाटा होता.

वजनाबद्दल ते काय सांगत?

वजन आणि मधुमेह या विषयावर जिचकार व्याख्याने देत. समोर सामान्य श्रोते असत, त्यामुळे ते शरीरातील एकाच रसायनाभोवती सगळे समजावून सांगत. ते रसायन म्हणजे इन्सुलिन.

आपण काही खाल्ले की रक्तातील साखर वाढते. ती पेशींमध्ये पोचवण्यासाठी स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. हे इन्सुलिन साखर साठवायला मदत करते आणि त्याच वेळी साठलेली चरबी वितळण्याला आवर घालते. म्हणजे इन्सुलिन चढलेले असताना शरीर साठवणीच्या कामात असते. दोन खाण्यांमध्ये पुरेसे अंतर पडले की इन्सुलिन उतरते आणि शरीर स्वतःच्या साठ्यातली चरबी वापरू लागते.

यावरून त्यांनी दोन सोपे नियम काढले. पहिला, ज्या दोन वेळांना खरोखर कडकडून भूक लागते त्या ओळखा आणि त्याच दोन वेळांना जेवा. दुसरा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा. मधल्या काळात काही खायचे नाही. चमचाभर फरसाण, प्रसादाचा पेढा, चहासोबतचे एक बिस्कीट, हे सगळे त्यांच्या हिशेबात खाण्याची स्वतंत्र वेळ ठरते.

यात वेगळे काय होते?

जगभर वजन कमी करण्याच्या बहुतेक पद्धती पदार्थ सोडायला सांगतात. त्याचे एक जुने उदाहरण लंडनचे विल्यम बँटिंग. अंत्यविधीचा व्यवसाय करणारे हे गृहस्थ १८६२ मध्ये २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो वजनाचे होते. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांनी पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे कमी केले किंवा सोडले. वर्षभरात त्यांचे वजन सुमारे २१ किलोंनी उतरले. १८६३ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तिका छापली आणि ती खूप गाजली.

आपल्याकडे पदार्थ सोडणे नवे नाही. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे, तिथे एकादशीला धान्य सोडणारी घरे मोजता येणार नाहीत. पण धान्य सुटते आणि साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याचे लाडू, बटाट्याचा कीस, वेफर्स दिवसभर चालू राहतात. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण उगाच पडली नाही. पदार्थ सोडला तरी खाण्याच्या वेळा वाढल्या, तर वजनाला काही फरक पडत नाही.

जिचकार यांच्या मांडणीचे बळ इथे आहे. भाकरी, भात, आमटी, भाजी यांतले काही परके ठरत नाही. वेगळा स्वयंपाक नको, महागडी पावडर नको, वजनकाटा घेऊन कॅलरी मोजणे नको. लक्षात ठेवायची गोष्ट एकच, दिवसात आपण किती वेळा तोंडात काही टाकले. म्हणूनच ही पद्धत शहरातल्या व्यायामशाळांपुरती राहिली नाही. गावोगावी पोचली.

त्यांच्यानंतर काय झाले?

२००४ च्या लोकसभा निवडणुकीत जिचकार रामटेकमधून उभे होते. ते पराभूत झाले. त्यानंतर काही आठवड्यांतच, २ जून २००४ रोजी, नागपूरजवळ कोंढाळी परिसरात त्यांच्या कारचा बसशी अपघात झाला आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. त्यांना पन्नाशीही गाठता आली नाही.

व्याख्यानांची रेकॉर्डिंग मात्र मागे राहिली. वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी ती ऐकली, पद्धत आधी स्वतःवर वापरली आणि नंतर त्यावर व्याख्याने सुरू केली. त्यांनी त्यात रोज ४५ मिनिटे चालण्याची जोड दिली. मधल्या वेळेत पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा कोरा चहा चालेल, असे स्पष्ट केले. मूळ श्रेय जिचकार यांचे आहे, हे ते व्याख्यानांतून सांगत आले. २०१८ मध्ये राज्य सरकारने लठ्ठपणाविरोधी मोहिमेसाठी दीक्षित यांची निवड केली. त्याच सुमारास आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांची थोड्या थोड्या वेळाने खाण्याची पद्धत आणि दोनदाच जेवण्याची पद्धत, यावर महाराष्ट्रात घरोघर वाद रंगला.

शास्त्र काय सांगते?

जिचकार यांच्या मांडणीतला एक भाग भक्कम आहे, तर एक भाग सैल.

भक्कम भाग असा. २०१४ मध्ये प्राग येथील संशोधकांनी टाइप २ मधुमेहाच्या ५४ रुग्णांवर अभ्यास केला. प्रत्येकाने १२ आठवडे दिवसातून सहा छोटी खाणी आणि १२ आठवडे फक्त दोन जेवणे, अशा दोन्ही पद्धती पाळल्या. दोन्ही वेळा कॅलरी सारख्याच ठेवल्या होत्या. दोन जेवणांच्या काळात वजन सरासरी ३.७ किलोंनी उतरले, सहा खाण्यांच्या काळात २.३ किलोंनी. मात्र या अभ्यासातली दोन जेवणे म्हणजे सकाळची न्याहारी आणि दुपारचे जेवण होते. रात्रीचे जेवण नव्हते. आपल्याकडे नेमके उलटे होते. सकाळ सुटते आणि रात्री दहाला ताट भरते.

सैल भाग आकड्यांचा आहे. थोडे खा किंवा जास्त, इन्सुलिनचे माप तेवढेच सुटते, असे या पद्धतीच्या प्रचारात सांगितले जाते. प्रत्यक्षात किती आणि काय खाल्ले यावर इन्सुलिनचे प्रमाण ठरते. ५५ मिनिटांची रेषाही शरीराने आखलेली नाही, जेवण लांबू नये म्हणून ती सोयीची आहे इतकेच. २०२२ मध्ये चीनमधील ग्वांगझू येथे लठ्ठपणा असलेल्या १३९ जणांचा वर्षभर अभ्यास झाला. सगळ्यांनी कॅलरी कमी केल्या. त्यांपैकी एका गटाने फक्त सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळेत खाल्ले. वर्षअखेर त्या गटाचे वजन ८ किलोंनी, तर दुसऱ्या गटाचे ६.३ किलोंनी उतरले. हा फरक शास्त्रीय कसोटीवर ठोस मानावा इतका नव्हता.

याचा अर्थ सरळ आहे. वेळा कमी केल्याने मधले खाणे सुटते, मधले खाणे सुटल्याने एकूण खाणे घटते आणि वजन उतरते. पण त्या दोन जेवणांत वाटेल तेवढे चापले, तर वेळांचा हिशेब कामाला येत नाही.

केममध्ये हे कसे जमेल?

कुंकवासाठी ओळखल्या जाणाऱ्या केमसारख्या गावातला साधा दिवस घ्या. उठल्यावर चहा आणि खारी. नऊला पोहे किंवा भजी. दुपारी भाकरी. चारला पुन्हा चहा. कुणाकडे गेलो तर आणखी एक कप. रात्री जेवण, झोपताना दूध. म्हणजे खाण्याच्या सात वेळा. यात पोट भरणारी जेवणे दोनच, दुपारची भाकरी आणि रात्रीचे जेवण. उरलेल्या पाच वेळा सवयीच्या आहेत.

फक्त चहाचा हिशेब करू. एका कपात दोन चमचे साखर धरली तर सुमारे ८ ग्रॅम. चार कपांत ३२ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत आणि शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. म्हणजे काहीही गोड न खाता, नुसत्या चहाने आपण २५ ग्रॅमच्या पुढे जातो.

अडचण भुकेपेक्षा पाहुणचाराची असते. चहा नाकारला तर यजमान नाराज होतात. त्यावर उपाय ताकाचा. नुसते नको म्हणण्याऐवजी पातळ ताक किंवा पाणी मागून घेतले, तर मान राहतो आणि नियमही. ताटात ज्वारीची भाकरी, डाळ किंवा मटकी, पालेभाजी, कांदा, शेंगदाण्याची चटणी असली तर पुढचे काही तास भूक लागत नाही. चटणी मात्र चमचाभरच, कारण शेंगदाण्यात तेल भरपूर असते. दिवसभर शेतात राबणाऱ्याने गाडीवर बसून फिरणाऱ्याचा नियम डोळे झाकून उचलू नये. त्याच्या कष्टाला जास्त अन्न लागते.

कोणी करू नये?

१८ वर्षांखालील मुले, गरोदर आणि स्तनदा माता, टाइप १ मधुमेहाचे रुग्ण आणि आधीच वजन कमी असलेल्यांनी ही पद्धत पाळू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणारे किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण गाळू नये. औषध तेवढेच ठेवून जेवण गाळले, तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. घाम, थरथर, चक्कर, गोंधळल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी नियम बाजूला ठेवून लगेच साखर किंवा गूळ खावा. किडनीचा आजार असलेल्यांनीही आधी सल्ला घ्यावा.

सुरुवात कुठून करावी?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये देशातील २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष जादा वजनाचे होते. आपण त्यांत आहोत का, हे कळायला एक टेप पुरे. कंबर पुरुषांत ९० सेंटीमीटरपेक्षा आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल, तर लक्ष द्यायची वेळ आली आहे. पहिला आठवडा काहीही न सोडता फक्त खाण्याच्या वेळा कागदावर लिहा. दुसऱ्या आठवड्यात चहातली साखर आणि सोबतचे बिस्कीट बंद करा. तिसऱ्यात मधला नाश्ता कमी करून जेवण लवकर घ्या, रात्रीचे तर आवर्जून. रोज ४५ मिनिटे चाला आणि महिन्याने कंबर पुन्हा मोजा.

डॉ. जिचकार यांच्या पदव्यांची यादी कुणाला पाठ होत नाही, पण दोनदाच जेवा हा सल्ला एकदा ऐकला की विसरत नाही. तो पाळायला पैसे लागत नाहीत. आपल्या वयाला, कष्टाला आणि औषधांना तो बसतो का, एवढे मात्र ज्याचे त्याने डॉक्टरांना विचारून ठरवावे.