यंत्राची किंमत कशाने मोजावी?

नावड्याला लागूनच तळोज्याची औद्योगिक वसाहत आहे. स्वयंचलित यंत्र घ्यावे की नाही, हा प्रश्न आला की अशा वसाहतीतला लहान कारखानदार एकच हिशेब मांडतो : मजुरी किती वाचेल आणि भांडवल किती वर्षांत वसूल होईल? हा हिशेब चुकीचा नाही. तो अपुरा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे.

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे 1869 मध्ये जन्मलेले लक्ष्मणराव चित्रकार होण्यासाठी मुंबईस आले. रंगांधत्वामुळे तो मार्ग खुंटला. मग यांत्रिक आरेखन शिकून त्यांनी व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत अध्यापन केले. बढती डावलली जाताच नोकरी सोडून ते बेळगावास परतले. सायकलींचे दुकान, कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर, अशा पायऱ्या त्यांनी बेताने चढल्या. लोखंडाने जमीन नासते या समजुतीपायी पहिले चाळीस नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. केवळ वसुलीची मुदत पाहणाऱ्याने तेथेच कारखान्याला कुलूप लावले असते.

बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जमीन व कर्ज दिले आणि 1910 मध्ये कुंडलजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ओतशाळा आणि लेथ यांवरील खर्च एकट्या नांगराच्या नावे टाकला असता, तर तो जड वाटला असता. परंतु त्याच सामग्रीतून व त्याच कसबातून पुढे पंप निघाले. 1956 मध्ये लक्ष्मणराव निवर्तले, तोवर किर्लोस्कर कुटुंबाचे उद्योग यंत्रहत्यारे, डिझेल इंजिने व विजेच्या मोटारी बनवू लागले होते.

तात्पर्य, यंत्राच्या जमाखात्यात वाचलेल्या मजुरीबरोबरच घटलेला सदोष माल आणि उद्या त्याच यंत्रावर निघू शकणारी नवी वस्तू यांचीही नोंद हवी. खर्चाच्या बाजूस कामगाराचे प्रशिक्षण धरलेच पाहिजे. लक्ष्मणरावांनी माळावर यंत्रांबरोबर कामगारांची वस्तीही वसविली, हे विसरून चालणार नाही. कामगाराला घरी बसवूनच जे यंत्र परवडते, त्याची किंमत कारखान्याच्या वहीत कमी दिसते खरी. पण उरलेली रक्कम आसपासच्या गावांना भरावी लागते.