कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित

नोकरीनिमित्त उत्तरेत स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींना एक घोटाळा नित्याचा आहे. आपली श्रावण वद्य अष्टमी ही शेजाऱ्यांची भाद्रपद कृष्ण अष्टमी असते; कारण आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. आपला शक आणि त्यांचा विक्रम संवत यांत १३५ वर्षांचे अंतर. घरात हे हसण्यावारी जाते. पण शिलालेखावर नुसताच वर्षांक असला, तर अख्खा राजवंश शतकांनी पुढेमागे सरकतो. हा गुंता उकलणाऱ्यांत दीक्षितांचे स्थान फार वरचे आहे.

त्यांचा जन्म १८५३ साली दापोली तालुक्यातील मुरूड येथे झाला. विद्यापीठाची पदवी त्यांना नव्हती. पेशा शिक्षकाचा, व्यासंग ज्योतिर्गणिताचा.

गुप्त संवताचा आरंभ कधीचा, याविषयी त्या काळी विद्वानांत मोठा वाद होता. कोणी तो शककालाशी एकच मानीत, कोणी इ. स. १६६ च्या सुमारास नेत. अल्बेरुणीने मात्र तो शकानंतर २४१ वर्षांनी, म्हणजे इ. स. ३१९ च्या सुमारास सांगितला होता. एरण येथील बुधगुप्ताच्या स्तंभलेखात वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असा उल्लेख आहे. वर्षाचा अंक आणि महिन्याचे नाव प्रांताप्रांताला बदलते; वार मात्र सर्वांचा एकच. दीक्षितांनी गणित मांडले, तेव्हा अल्बेरुणीच्या हिशेबाने ती तिथी २१ जून ४८४ रोजी आली, आणि तो गुरुवारच होता! शके ४०६, विक्रम संवत ५४१ व गुप्त संवत १६५ ही एकाच वर्षाची नावे ठरली. फ्लीट यांनी १८८८ च्या आपल्या गुप्तलेखसंग्रहात या गणिताचा आधार घेतला.

१८९६ साली त्यांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा मराठी ग्रंथ आणि रॉबर्ट सेवेल यांच्यासह लिहिलेला ‘द इंडियन कॅलेंडर’ हा इंग्रजी ग्रंथ, असे दोन्ही प्रसिद्ध झाले. वर्ष ऋतूंशी जुळते असावे म्हणून लेले व मोडक यांच्यासमवेत त्यांनी सायन पंचांगाचा पुरस्कार केला. तो समाजाने मानला नाही. मकरसंक्रांत जानेवारीऐवजी डिसेंबरात करावयास गृहस्थ कचरला, यात मला तरी नवल वाटत नाही.

१८९८ साली, वयाची पंचेचाळीस वर्षेही पुरी होण्याआधी, दीक्षित निवर्तले. २२ मार्च १९५७ रोजी भारत सरकारने राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आणली. तिचे वर्ष सायन आहे आणि शक आपलाच. राजपत्रावर ती तारीख इंग्रजी तारखेसोबत छापली जाते.